थायरॉईडची गोळी चालू असूनही थकवा जात नसेल तर

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा आमच्या वाड्यावर साधारण पावणेसातला ऐकू येतो आणि त्याच्या तासभर आधी माझी थायरॉईडची गोळी घेऊन झालेली असते. हा क्रम गेली अकरा वर्षे चालू आहे. त्यांतील पहिली चार वर्षे मी गोळी नेमाने घेत होते, अहवालातील आकडे बरे दिसत होते, आणि तरीही गोव्यात फोंड्याच्या बाजारातून मासळीची पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत येताना मला वाटेत दोनदा टेकावे लागत असे. पुढे निदान झाले तेव्हा कळले की थायरॉईडच्या जोडीने माझ्या अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीही निकामी होत चालल्या होत्या. ज्यांची थायरॉईडची गोळी चालू आहे पण ज्यांना बरे वाटत नाही, अशांनी कोणत्या क्रमाने चौकशी करावी, कोणती तपासणी मागावी आणि निदानानंतर घर कसे चालवावे, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर हवे होते. म्हणून ते येथे लिहीत आहे. यातील मात्रा डॉक्टरांशी नेमके बोलता यावे यासाठी दिल्या आहेत, स्वतःच्या हाताने औषध बदलण्यासाठी नव्हेत.

आधी या दोन ग्रंथींचे नाते समजून घ्यावे. थायरॉईड गळ्यात असते, अ‍ॅड्रिनलची जोडी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असते आणि दोघींनाही हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. थायरॉईडला जाणारा हुकूम म्हणजे टीएसएच (थायरॉईड मंदावली की तो वाढतो) आणि अ‍ॅड्रिनलला जाणारा एसीटीएच. थायरॉक्सिन शरीराच्या कामाची गती ठरवते. कॉर्टिसोल रक्तदाब आणि रक्तातील साखर सांभाळते व आजारपणाचा किंवा शस्त्रक्रियेचा ताण सोसण्याचे बळ देते. थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे काढणारे एडवर्ड केंडॉल यांनाच पुढे, १९५० साली, अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांवरील कामासाठी इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले, हा मला या विषयातील एक सुरेख योगायोग वाटतो.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते तेव्हा त्या विकाराला हाशिमोटो म्हणतात. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी त्याचे वर्णन १९१२ साली केले. तीच प्रतिकारशक्ती कधीकधी अ‍ॅड्रिनलवरही उलटते आणि अ‍ॅडिसनचा विकार होतो. मात्र येथे प्रमाणाचे भान ठेवले पाहिजे. अ‍ॅडिसनच्या रुग्णांमध्ये थायरॉईडचा त्रास बऱ्याच जणांना आढळतो, पण थायरॉईडच्या रुग्णांमध्ये अ‍ॅडिसन अगदी थोड्यांना होतो. त्यामुळे थकवा आला की लगेच अ‍ॅड्रिनलच्या मागे लागण्यापेक्षा प्रथम आपली गोळी खरोखर पोटात उतरते आहे का, हे पाहावे. बहुतेकांचा प्रश्न तेथेच सुटतो.

गोळीचा हिशेब

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडची, गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या किमान अर्धा तास आणि शक्यतो एक तास आधी घ्यावी. आपल्याकडे चूक होते ती चहामुळे. दुधाचा चहा म्हणजे काही खाणे नव्हे अशी आपली समजूत असते आणि गोळी चहाच्या घोटाबरोबरच गिळली जाते. दूध, कॉफी, सोयाबीन, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, तसेच जळजळीवरची काही औषधे हे सर्व थायरॉक्सिन आतड्यातून शोषले जाऊ देत नाहीत. कॅल्शियम आणि लोह यांत चार तासांचे अंतर हवे. मी लोहाची गोळी दुपारी शीत-कोडी, म्हणजे भात-आमटी, झाल्यावर घेते, म्हणजे अंतराचा हिशेबच ठेवावा लागत नाही. ज्यांना पहाटे उठून गोळी घेणे जमत नाही त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी, तीही चालते. वेळ मात्र रोज बदलू नये.

दमट हवेचेही पाहावे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्याकडे मीठ पाघळते, पापड मऊ पडतात आणि उघड्या डबीतील गोळीचीही तीच गत होते. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, चुलीपासून आणि न्हाणीघरापासून दूर कपाटात ठेवाव्यात. आठवड्याच्या कप्प्यांची डबी सोयीची असली तरी पावसाळ्यात तीत एका आठवड्यापेक्षा अधिक गोळ्या भरू नयेत. एकाच कंपनीची गोळी घेत राहावे आणि दुकानदाराने दुसरी दिली तर डॉक्टरांना कळवून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा.

दीड-दोन महिनेच का, तर थायरॉक्सिन शरीरात सावकाश मुरते आणि सावकाश उतरते. त्याची रक्तातील मात्रा निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली तपासणी दिशाभूल करते. याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरण्याचे कारण नाही. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा असे प्रयोगशाळा छापतात, वयस्कर माणसांत तो थोडा वर असला तरी चालतो. चार आणि दहाच्या मधला आकडा पहिल्यांदाच आला असेल आणि फार त्रास नसेल, तर लगेच जन्मभराची गोळी सुरू करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. गरोदरपणाचा नियम मात्र वेगळा आहे: गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे, कारण मात्रा बहुधा पाव हिश्श्याने किंवा त्याहून अधिक वाढवावी लागते.

तपासणीसाठी रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन दिवस आधी थांबवावे, कारण त्याने तपासणीचे आकडे खोटे येतात. केसगळती हे थायरॉईडचेच लक्षण असल्यामुळे नेमक्या याच बायका बायोटिन घेत असतात आणि प्रयोगशाळेत ते सांगायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मिठाबद्दल आपल्याकडे विचारतातच. नेरूळ, रायबंदर, आगरवाडो येथील आगराचे मीठ चवीला उत्तम असते, पण त्यात आयोडीन घातलेले नसते. लोणच्याला, खारवलेल्या आमल्यांना ते खुशाल वापरावे. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ ठेवावे. मासळीतूनही आयोडीन मिळतेच. समुद्रशैवालाच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत, कारण हाशिमोटोच्या रुग्णाला जादा आयोडीन उलट बाधते. कोबी-फुलकोबी शिजवून खाण्याला काहीही हरकत नाही. त्या बिचाऱ्या भाज्यांची उगाच बदनामी झाली आहे.

अ‍ॅड्रिनलचा संशय केव्हा घ्यावा

माझ्या बाबतीत पहिली खूण डॉक्टरांच्या नव्हे, माझ्या वहिनीच्या लक्षात आली. मे महिन्यात आम्ही ओसरीवर बसलो असताना तिने माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, “बाय, तुझ्या हाताच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या कशा गो झाल्या?” मी म्हटले, “भिरंडे फोडली ना परवा, वहिनी, त्याचा डाग असेल.” डाग असता तर आठ दिवसांत गेला असता. तो गेला नाही. उलट बोटांच्या पेरांवर, हिरड्यांवर आणि जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर तसाच काळपटपणा दिसू लागला. त्याच सुमारास मला खारटाची अशी ओढ लागली होती की चेपणीची तोरे, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, संपल्यावर बरणीतले खारे पाणी मी वाटीने पीत असे, आणि घरातले त्यावर हसत असत.

ही दोन लक्षणे, म्हणजे हाताच्या रेषा व हिरड्या काळवंडणे आणि मिठाची अनावर ओढ, अ‍ॅडिसनच्या विकारात फार बोलकी असतात. लंडनचे डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली या विकाराचे वर्णन केले तेव्हाही त्वचेच्या रंगाची नोंद त्यांनी ठळकपणे केली होती. गोव्यातील गव्हाळ-सावळ्या त्वचेवर हा बदल “उन्हाने रापली” म्हणून सहज खपून जातो, म्हणून अंगापेक्षा हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहाव्यात. याशिवाय वजन घटत जाणे, मळमळ, पोटात दुखणे, बसल्यावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, आणि रक्तात सोडियम कमी व पोटॅशियम जास्त दिसणे, या गोष्टी एकत्र आल्या तर संशय पक्का धरावा. लक्षात ठेवायचा फरक असा की थायरॉईड मंदावल्यावर वजन सहसा वाढते आणि अ‍ॅड्रिनल मंदावल्यावर ते घटते. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर पाच मिनिटे पडून राहून एकदा, उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिकने घसरत असेल तर तो कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावा.

आणखी एक खूण अशी की थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर माणूस सावरण्याऐवजी ढासळतो. मला थकवा आहे म्हणून एका दवाखान्यात गोळी ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली गेली आणि तीन आठवड्यांत मी अंथरुणाला खिळले. कारण साधे आहे. थायरॉक्सिन शरीराची गती वाढवते आणि त्याबरोबर कॉर्टिसोलही लवकर संपवते. कॉर्टिसोल बनवणारी ग्रंथीच दुबळी असेल तर शिल्लक उरलेले तेवढेही जाते. शिवाय कॉर्टिसोलच्या कमतरतेनेच टीएसएच थोडा वर चढू शकतो, म्हणजे वाढलेला टीएसएच पाहून थायरॉईडचे औषध वाढवले जाते आणि खरा रोगी अवयव बाजूलाच राहतो. म्हणून दोन्हींचा संशय असेल तेव्हा आधी अ‍ॅड्रिनलची तपासणी व उपचार आणि नंतर थायरॉक्सिन, हा क्रम पक्का आहे. या संपूर्ण लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे.

ज्या स्त्रीला बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, नंतर दूध आले नाही आणि पाळीही परतली नाही, तिने ही हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी, मग बाळंतपण पंधरा वर्षांपूर्वीचे का असेना. अशा वेळी पीयूषिका ग्रंथीलाच इजा झालेली असू शकते. मग दोन्ही ग्रंथी मंदावतात, पण टीएसएच सरळ दिसतो आणि त्वचा काळी पडत नाही. तेथे टीएसएचबरोबर फ्री टी-४, म्हणजे रक्तातील मोकळे थायरॉक्सिन, पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही.

तपासणी कशी करून घ्यावी

पहिली तपासणी सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसोलची. दुपारी घेतलेल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण कॉर्टिसोल पहाटे चढते आणि दिवसभर उतरत जाते. सांगे किंवा काणकोणहून पहिल्या बसने निघून पणजीला आठला पोहोचणे कठीण असते. अशा वेळी घराजवळच्या प्रयोगशाळेतच रक्त द्यावे आणि नमुना पुढे पाठवायला सांगावे. कॉर्टिसोल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी असेल तर कमतरता जवळजवळ निश्चित असते, १५ ते १८ च्या वर असेल तर ती संभवत नाही, आणि मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचे इंजेक्शन देऊन अर्ध्या व एक तासाने पुन्हा रक्त तपासतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगावे, कारण त्यांतील इस्ट्रोजेनमुळे आकडा फुगतो.

अ‍ॅडिसन ठरला की कारण शोधावे लागते, आणि आपल्या देशात त्यात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन हे कॉर्टिसोल आणि थायरॉक्सिन दोन्ही झपाट्याने संपवते, म्हणून ते सुरू होताना दोन्ही औषधांच्या मात्रा पुन्हा ठरवाव्या लागतात. क्षयाचे डॉक्टर वेगळे आणि संप्रेरकांचे वेगळे असतील तर हा दुवा रुग्णालाच जोडावा लागतो.

“अ‍ॅड्रिनल फटीग” या नावाने दिवसभरात चार वेळा लाळ तपासणारी पाकिटे आणि त्यावरची चूर्णे आता घरपोच मिळतात. या नावाचा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा सकाळचे कॉर्टिसोल, सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी. पुष्कळदा थकव्याचे मूळ हिमोग्लोबिनमध्येच सापडते.

त्याहून गंभीर गोष्ट स्टेरॉईडची, म्हणजे कॉर्टिसोलसारखे काम करणाऱ्या औषधांची आहे. सांधेदुखीवर कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, दम्यासाठी स्वतःहून चालू ठेवलेल्या गोळ्या, पावसाळ्यात जांघेतल्या गजकर्णावर महिनोन्महिने चोळलेले तीव्र मलम, यांतून स्टेरॉईड अंगात जात राहते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपले काम सोडून देतात. चेहरा गोल होतो, अंगावर जांभळट चरे उमटतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ असे औषध घेतले असेल तर ते अचानक बंद करू नये. पुडी, गोळी, मलम जे काही असेल ते पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावे. ओशाळण्यासारखे त्यात काही नाही.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या आरोग्य केंद्राच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून तेथे चिठ्ठी घेऊन जावे. जाताना मी एक दोनशे पानी वही नेते: डाव्या पानावर तारखेनिशी वजन, पडून व उभ्याने मोजलेला रक्तदाब आणि औषधांच्या मात्रा, उजव्या पानावर अहवालातील आकडे. “मला बरे वाटत नाही” या वाक्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. “तीन महिन्यांत सहा किलो घटले आणि उभे राहताना रक्तदाब ११० वरून ८४ वर येतो” या वाक्याकडे होत नाही.

निदानानंतरचे घर

अ‍ॅडिसनवर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीच्या रूपातील कॉर्टिसोल, दिवसाला एकूण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन भागांत घेतात. सर्वांत मोठा भाग उठल्याबरोबर आणि शेवटचा दुपारनंतर घ्यावा, फार उशिरा घेतला तर झोप येत नाही. सोबत बहुधा अंगातील मीठ धरून ठेवणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन असते. ही औषधे प्रत्येक दुकानात नसतात, म्हणून महिना संपायच्या पंधरा दिवस आधी मागवून ठेवावीत. चतुर्थीच्या दिवसांत दुकाने बंद आणि गोळ्या संपलेल्या, ही वेळ मी एकदा अनुभवली आहे. “मीठ कमी खा” हा सरसकट सल्ला या विकारात लागू पडत नाही. मे महिन्यात घाम गाळून काम केले की पेजेबरोबर खारे, लोणचे घ्यावे. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये, आणि निर्जळी उपवास करूच नये.

आजारपणाचा नियम घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असावा. ताप १०० च्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट, १०२ च्या वर गेला की तिप्पट, आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा नेहमीची, असा नियम सहसा सांगतात; आपल्यासाठीचे आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. दात काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी तेथील डॉक्टरांना आगाऊ सांगावे. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी; दुसरीही उलटून पडली, किंवा जुलाब थांबत नसतील, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट पाहू नये. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मांडीत द्यावे आणि १०८ ला फोन करावा. आतल्या गावातून बांबोळी गाठेपर्यंत वेळ जातो, म्हणून आधी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे आणि तेथे “अ‍ॅडिसनचा रुग्ण आहे, हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन लगेच हवे” हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

हे सांभाळले तर आयुष्य अडत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना अ‍ॅडिसन होता आणि थायरॉईडचीही गोळी चालू होती. माझ्या घरी दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तीत इंजेक्शनची कुपी, दोन सुया, कापूस, डॉक्टरांच्या सहीचे पत्र आणि दोन दिवसांच्या गोळ्या असतात. भाच्याने इंजेक्शन देण्याचा सराव संत्र्यावर केला. कुपीवरची मुदत मी दर चतुर्थीच्या साफसफाईत, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधायला घेण्यापूर्वी पाहते. सध्याची कुपी येत्या मार्चपर्यंत चालेल.